शेवटपर्यंत पुरेल असा पैसा

पेशवाईत श्रावण लागला की पुण्यात पर्वतीजवळच्या रमण्यात दक्षिणेसाठी ब्राह्मणांची रीघ लागे. ही प्रथा सुरू केली तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाडे यांनी. दाभाड्यांचे बळ ओसरल्यावर ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली आणि पुष्कळ वाढवली. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. बाकीच्यांच्या हातावर रमण्यातून बाहेर पडताना थोडेफार पडे. लाभ एकाच जातीचा आणि हेतू पुण्यसंपादनाचा. तरीही राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी विद्येच्या नावाने रक्कम वेगळी काढायची, ही सवय या प्रथेने लावली. महाराष्ट्रातल्या पहिल्या फेलोशिपचे भांडवल याच रकमेतून उभे राहिले.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. फ्रीशिपचे अर्ज, एम.ए.-एम.एस्सी.च्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, पीएच.डी.च्या फेलोशिपची बिले, शैक्षणिक कर्जासाठी लागणारी बोनाफाइड प्रमाणपत्रे, सगळे माझ्या हातून गेले. पदवीनंतर शिकणाऱ्यांचा खर्च आपल्याकडे आजवर कोणी आणि कसा उचलला, हा प्रश्न त्या टेबलावरच पडला. निवृत्त झाल्यावर चरित्रे आणि आठवणी वाचत गेले, तशी एक गोष्ट मनात पक्की बसली. पदवीनंतरच्या शिक्षणात फी हा खर्चाचा लहान भाग. खरा खर्च असतो तो वर्षांचा. कमावत्या वयाच्या माणसाने दोन, चार, सहा वर्षे पुस्तकांत घालवायची तर तेवढा काळ त्याचे आणि त्याच्या घरचे कसे चालायचे? ज्यांनी हा हिशोब ओळखून पैसा दिला, त्यांच्या पैशातून विद्वान उभे राहिले. मध्येच आटलेल्या पैशाने मात्र चांगली चांगली माणसे वाटेत थांबवली.

शाळकरी मुलासाठी आपल्या समाजाने सोय केली होती. गरीब मुलगा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी माधुकरी मागे. एका मुलाचे पोट सात घरांत भागून जाई. पण मुलगा विशीच्या पुढे गेला की प्रश्नच बदले. लग्न लवकर होत असल्यामुळे तोवर त्याच्यामागे बायको आलेली असे, कधी मूलही. गावी आई-वडील त्याच्या पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसलेले. वाराचे जेवण त्याला मिळाले तरी त्याच्या घरची चूल त्यावर पेटत नसे. म्हणून हुशार मुले मॅट्रिक झाली की कचेरीत चिकटत, बी.ए.पर्यंत थोडी पोचत आणि एम.ए.पर्यंत बोटांवर मोजण्याइतकी.

पेशवाई गेल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा खर्च वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास आणला आणि त्यातलाच काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे नवे दक्षिणेकरी घेणे थांबले आणि जुने वारत गेले, तशी शिल्लक वाढू लागली. हा पैसा कशावर खर्चावा, यावरून १८४९ मध्ये पुण्यात मोठा वाद पेटला. दक्षिणेची रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी, असा अर्ज लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी केला. सनातन्यांनी दंडेलीची भाषा सुरू केली, तेव्हा अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. ज्या दक्षिणेत फुल्यांच्या समाजाला कधी वाटा नव्हता, ती विद्येकडे वळावी म्हणून ते स्वतः पुढे झाले, हे मला फार मोलाचे वाटते.

दक्षिणेतून आधी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर त्याच पैशातून ‘दक्षिणा फेलो’ नेमायची पद्धत पडली. फेलोने स्वतः पुढचे शिक्षण घ्यायचे, खालच्या वर्गांना थोडे शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची. विद्यापीठाची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ ची, चौघांची. त्यातले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते.

रानड्यांना पहिली तीन वर्षे महिना साठ रुपये मिळत. सीनिअर फेलो झाल्यावर पुढची तीन वर्षे एकशेवीस. ही रक्कम किती मोठी होती? त्यानंतर कित्येक वर्षांनी, केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे फर्ग्युसन कॉलेजात आजीव सदस्य म्हणून शिकवू लागले, तेव्हा त्यांचे वेतन महिना पंचाहत्तर रुपये होते. म्हणजे रानड्यांना विद्यार्थीदशेतच एका प्राध्यापकाच्या तोलाचा पैसा, ठरलेल्या मुदतीपर्यंत, महिन्याच्या महिन्याला मिळत होता. बी.ए., एम.ए., एलएल.बी. असा सरळ प्रवास त्यांना करता आला तो असाधारण बुद्धीमुळे, हे खरेच. पण त्या सहा वर्षांत त्या बुद्धीला कारकुनी करावी लागली नाही, हेही तितकेच खरे.

या पैशाची दोरी देणाऱ्याच्या हातात होती. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अमलावर टीका केली. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रानड्यांना फार मानत, पण या निबंधावर ते संतापले आणि रानड्यांची फेलोशिप सहा महिने बंद झाली. एका निबंधाची किंमत सहा महिन्यांचा पैसा. पुढे मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाने विद्यार्थी असतानाच ती मोजली.

याच काळात मुलींसाठी अशी कुठलीच तिजोरी उघडी नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या त्या दागिने मोडून आणि लोकांच्या वर्गणीवर. सेरामपूरच्या सभेत त्यांनी आपण परदेशी का जातो हे इंग्रजीत सांगितले. ते भाषण गाजले, मदत आली. खुद्द व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये दिले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांची सोय केली आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखे सांभाळले. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पण एका मुलीला डॉक्टर व्हायचे तर जगापुढे उभे राहून पदर पसरावा लागतो, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. तिच्यामागून येणारीला पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागणार.

पुढच्याला वाट मोकळी ठेवणारी व्यवस्था जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उभी केली. त्यांच्या निधीतून परदेशी शिकायला जाणाऱ्याला पैसा मिळे तो कर्जाऊ. कमावता झाल्यावर त्याने तो फेडायचा आणि त्यातून पुढच्याने जायचे. सुरुवातीला हा निधी पारशांपुरता होता, पण दोनच वर्षांत सर्वांना खुला झाला.

उच्च शिक्षणाच्या खर्चाचा सगळा इतिहास एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचा असेल, तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत आहे. मी ती वर्षे खतावणीसारखी, जमा एकीकडे आणि नावे दुसरीकडे, अशी वाचली.

पहिली जमा बडोद्याची. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि महाराज सयाजीराव गायकवाडांनी एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या भीमरावांना महिना पंचवीस रुपये सुरू केले. बी.ए. झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत गेले, आणि लगेच फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील, सुभेदार रामजी, वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोदा संस्थानने अमेरिकेला पाठवायचे विद्यार्थी निवडले, त्यांत भीमराव होते. ४ जून १९१३ ला त्यांनी करारावर सही केली: तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तीन वर्षांच्या विद्येची किंमत आयुष्याची दहा वर्षे. सयाजीरावांसारखा दाताही संस्थानसाठी माणसे घडवत होता, तेव्हा अट असणारच.

कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी त्या साडेअकरा पौंडांत काय काय बसवले पाहा. राहणे, जेवण, पुस्तके आणि मुंबईत रमाबाईंना पाठवायचे पैसे. इतर मुले न्यूयॉर्क पाहायला बाहेर पडत, हे ग्रंथालयात बसत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत; सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ पर्यंत पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला. मग लंडन गाठले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोद्याने एक वर्ष वाढवून दिले होते, ते संपले आणि १९१७ मध्ये परत बोलावणे आले. लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी विद्यापीठाकडून एवढीच परवानगी मिळवली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल.

ज्या जहाजावर त्यांची पुस्तके होती ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले, आणि कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्याला जायचा खर्च त्याच पैशांतून झाला. दोन खंडांत शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात कोणी राहायला जागा देईना. कचेरीतले शिपाई फायली हाताला न लागता लांबून टाकत. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर जात कळताच काठ्या घेऊन लोक चालून आले. ते मुंबईला परतले. शिकवण्या केल्या. शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जातीची बातमी फुटल्यावर बसला. सयाजीरावांनी फी दिली, राहण्याचा खर्च दिला, परत येणाऱ्यासाठी पदही ठेवले. पण ते पद भोगता येईल असा समाज त्यांच्या खजिन्यातून विकत घेता येत नव्हता. शिष्यवृत्ती किती दिली, याच्या बरोबरीने ती घेतलेला माणूस परतल्यावर त्याला कोण जवळ करते, हेही विचारायला हवे, हे मी या प्रकरणातून शिकले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. मोठा पगार होता. पण परळच्या चाळीतले राहणे सुटले नाही, कारण या पगारातून लंडनचे उरलेले शिक्षण काढायचे होते. रमाबाईंनी काटकसरीने घर चालवले, आणि मुले दगावण्याचे दुःखही याच वर्षांच्या आसपास त्यांच्या वाट्याला आले. या खतावणीत रमाबाईंच्या नावावर एक पैसाही दिसत नाही. माझ्या हिशोबाने सर्वांत मोठी जमा त्यांचीच. साठवलेली रक्कम, कोलंबियाचे मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले.

तिथे राहणे एका कंजूष घरमालकिणीकडे. सकाळी थोडा पाव आणि चहा, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री कपभर सूप आणि बिस्किटे. भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. बसचे भाडे वाचवायला चालत जायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी काही बदल करायला सांगून परत दिला, तोवर पैसे संपले होते. १९२३ मध्ये मुंबईत परतून त्यांनी तो सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंधाच्या छापील प्रती जमा कराव्या लागत. ती पदवी रीतसर हाती आली १९२७ मध्ये. छपाईचा खर्च शिष्यवृत्ती देणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, आणि पदवी मात्र त्यावाचून अडते. हा कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपात आला, तेव्हा बाबासाहेबांनी तो आपल्या शिक्षणाला मदत केल्याबद्दल सयाजीरावांना अर्पण केला. कटू अनुभवांनंतरही ऋण मान्य करण्याची ही उंची.

हा हिशोब स्वतः जगलेला माणूस सत्तेत आला तेव्हा त्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडे आग्रह धरला, आणि १९४४ च्या सुमारास वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून जी देशभर चालते तिची सुरुवात ही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, त्याचे वर्ग सकाळी ठेवले. कचेरीत नोकरी करणाऱ्या मुलाला सकाळी शिकून दहाच्या आत कामावर जाता यावे म्हणून. पगार चालू ठेवून शिकू देणे हीसुद्धा मदतच, आणि ती कधी मागे घेतली जात नाही.

कर्ज काढून शिकण्याची रीतही तशी जुनी. इरावती कर्वे १९२८ मध्ये मानवशास्त्राच्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. महर्षी कर्व्यांचा, म्हणजे सासऱ्यांचा, या जाण्याला विरोध होता. दिनकररावांनी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन पत्नीला पाठवले. ना जामीन, ना हप्त्यांचे कोष्टक. माणसाच्या शब्दावर दिलेला पैसा. तशी ओळख असणारी घरे थोडी. म्हणून २००१ मध्ये बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आणली, ती मला मोठी पायरी वाटते. तेव्हा मर्यादा होती देशात शिकायला साडेसात लाखांपर्यंत, परदेशात पंधरा लाखांपर्यंत. चार लाखांपर्यंत तारण नव्हते. हप्ते शिक्षण संपून वर्षाने, किंवा नोकरी लागून सहा महिन्यांनी सुरू होत. शिक्षणाच्या काळात हप्ता न मागणे हे वेळेचा खर्च ओळखल्याचे लक्षण. पण कर्ज देणारा परतफेडीचा विचार करणारच. माझ्या टेबलावरून कर्जासाठी कागद गेले ते बहुतेक एमबीए, इंजिनिअरिंग आणि परदेशी एम.एस.ला निघालेल्यांचे. पाली, मोडी किंवा मध्ययुगीन इतिहास शिकणाऱ्यासाठी कर्जाचा अर्ज क्वचितच आला. रानड्यांच्या काळी देणाऱ्याची मर्जी निबंधातल्या मताला आवर घालत होती. कर्जाच्या काळात तीच विषय निवडू लागते.

संशोधन करणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप आहे. २०२३ पासून ती महिना सदतीस हजार आहे, शिवाय घरभाडे आणि किरकोळ खर्च वेगळा. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची शिष्यवृत्ती आहे. कागदावर पाहिले तर रानड्यांना मिळाले तसेच हे आहे: महिन्याला रक्कम, ठरलेली मुदत. फरक पडतो तो ‘महिन्याला’ या एका शब्दापाशी.

एक संशोधक मुलगी मला नेहमी आठवते. मराठवाड्यातली, विषय गावकीच्या जुन्या दप्तरांचा. दर महिन्याला ती हजेरीचा तक्ता घेऊन येई. त्यावर आधी गाइडची सही, मग विभागप्रमुखांची, मग प्राचार्यांची. तिमाही प्रगती अहवाल वेगळा, घरभाड्याचा करारनामा वेगळा. सगळे कागद वेळेत जात. तरी वरच्या एका कार्यालयात निधी आलेला नसे, किंवा आलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र कुठेतरी अडकलेले असे. फेलोशिप महिनोन्‌महिने यायची नाही आणि मग एकरकमी थकबाकी जमा व्हायची. वर्षाच्या बेरजेत पै कमी नाही. पण मधल्या महिन्यांत तिची आई गावच्या सराफाकडे दागिने ठेवत होती. पुढे तिने दुसऱ्या गावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला घेतले. दप्तरे वाचायचे दिवस एसटीत जाऊ लागले, आणि प्रबंधाची मुदत वाढवून घ्यावी लागली. खतावणीत तिला पूर्ण पैसा मिळालेला आहे; तिची गेलेली वर्षे मात्र त्यात कुठेच नोंदलेली नाहीत.

माजी विद्यार्थ्यांची मंडळे आणि गावोगावचे ट्रस्ट मला अजूनही विचारतात, की आमच्याकडे अमुक रक्कम आहे, कशी वाटू? बहुतेकांच्या मनात दहा मुलांच्या फीचे धनादेश आणि एक समारंभ असतो. शाळकरी मुलांसाठी ते ठीक आहे. पदवीनंतर शिकणाऱ्यांसाठी मी त्यांना एकच सांगते: दहांची फी भरू नका, एकाचा खर्च शेवटपर्यंत उचला. पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून प्रबंध छापून, तोंडी परीक्षा होऊन, नोकरी लागेपर्यंत. त्यात घरी पाठवायचे पैसे धरा. विषय त्याचा त्याला ठरवू द्या आणि लिहिलेले आवडले नाही तरी हप्ता थांबवू नका. सरकारी रक्कम उशिरा येणार असेल, तर तेवढे महिने बिनव्याजी उसने द्या. थकबाकी आली की ती परत येते आणि पुढच्याला लागते. टाटांचा निधी याच रीतीने फिरत आला आहे. रानड्यांची सहा वर्षे कोणीतरी सांभाळली म्हणून रानडे घडले. बाबासाहेबांची तीन वर्षे आपण वाया घालवली, ती त्यांनी स्वतःच्या आणि रमाबाईंच्या पोटाला चिमटा घेऊन भरून काढली. तेवढी ताकद प्रत्येक विद्यार्थ्याकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.